फळीवरचे चार डाग

भूपालअण्णा कासार यांच्याबद्दल मी आजवर दोनदा लिहिलं. दोन्ही वेळा कंपनीच्या छापील अहवालात, आणि दोन्ही वेळा चार-पाच ओळींत. पहिल्यांदा चुकीचं लिहिलं. दुसऱ्यांदा बरोबर लिहिलं, तर ते त्यांना पसंत पडलं नाही. आता तिसऱ्यांदा लिहायला बसलेय आणि या खेपेला ओळी मोजणार नाही.

शिरवळच्या ज्या कारखान्यात मी चाचणी विभागात होते, तिथे टीव्हीच्या डिश बनायच्या. घरांच्या गच्चीवर दिसतात त्याच. डिशचं काम म्हणाल तर सोपं आहे. आभाळातल्या उपग्रहाकडून जे येतं ते उथळ वाटीत झेलायचं आणि वाटीपुढे दांडीवर बसवलेल्या लहानशा डबीत गोळा करायचं. त्या डबीला एक लांबलचक इंग्रजी नाव आहे, पण कारखान्यात सगळे नुसती डबीच म्हणत. मी रोज साताऱ्याहून कंपनीच्या बसने खंबाटकी घाट ओलांडून जायची आणि दिवसभर मीटर लावून कुठल्या डिशला किती सिग्नल येतो ते लिहायची. पदवी होती, गळ्यात निळ्या फितीचं ओळखपत्र होतं, आणि आपल्याला सगळं कळतं असा पक्का समज होता.

अण्णा नमुना विभागात होते. मोठ्या यंत्रावर हजारो डिश दाबून काढण्याआधी एक नमुना हाताने करून बघतात, ते काम त्यांचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका डिशपुढे मांडी घालून, डोळे मिटून, तिच्यावर पालथा हात ठेवून बसले होते. मी सुपरवायझरला हळूच विचारलं, "हे ड्यूटीवर झोपतात का हो?"

अण्णांनी नेमका तेव्हाच डोळा उघडला होता. "झोपलो न्हाई, ताई. बघतोय!" ते एवढ्या मोठ्याने म्हणाले की अख्ख्या शेडने वळून पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अण्णांना ऐकू येत नव्हतं. सांगलीच्या अलीकडे कृष्णाकाठच्या एका गावात त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या घंगाळी, हंडे आणि गुऱ्हाळाच्या मोठाल्या काहिली ठोकल्या. चाळीस वर्षं ठोकाठोकी कानांशी झाली की कान राजीनामा देतात. अण्णा समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखायचे आणि आपला आवाज किती चढलाय याचा त्यांना पत्ता नसायचा. त्यामुळे त्यांची गुपितं भोंग्यावर निघत. आमचे मॅनेजर निंबाळकर साहेब एकदा केसांना नवा रंग लावून आले. अण्णांनी माझ्याजवळ येऊन, तोंडापुढे हात धरून, अगदी खाजगीत सांगितलं, "पत्र्याला लावायचा उरलेला दिसतोय!" साहेबांनी त्या दिवशी नमुना विभागाची पाहणी केली नाही.

अण्णांच्या मनगटावर घड्याळ नव्हतं. जैन घरातले, दिवस मावळायच्या आत जेवायचं हा नेम कधी चुकला नाही. कँटीनच्या बटाटेवड्याकडे ते परक्याच्या लग्नाकडे बघावं तसं बघत आणि आपल्या डब्यातली भाकरी-उसळ काढत. एकदा सुपरवायझरने संध्याकाळी जादा काम लावलं आणि म्हणाला, "जेवण नंतर करा." अण्णांनी चिंचेच्या लाकडाचा हातोडा खाली ठेवला. "माझा सायेब वर हाय," खिडकीतून कलत्या उन्हाकडे बोट करून ते म्हणाले. "त्यो निघायच्या आत माझं जेवान. तुमी मागनं आलेले." आणि शांतपणे डबा उघडला. हातोडा उचलायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून काम सकाळवर गेलं.

अशा माणसाच्या ओळखपत्राची फीत लाल होती. आमच्याकडे निळी फीत पदवीवाल्यांची, हिरवी प्रमाणपत्र असलेल्या कुशल कामगारांची आणि लाल बाकी सगळ्यांची. लाल फितीखाली छापलेलं असायचं: अकुशल. अण्णांना रुजू होताना कारकुनाने प्रमाणपत्र विचारलं, तेव्हा त्यांनी दोन्ही तळहात त्याच्या टेबलावर ठेवले होते म्हणे. तळहातांची झेरॉक्स निघत नाही. ते ओळखपत्र अण्णांनी कधी गळ्यात घातलं नाही. खिशात उलटं ठेवायचे.

आता तो पहिला अहवाल.

मार्च उजाडला होता, शिमगा जवळ आला होता. एक मोठं गिऱ्हाईक नवीन डिश बघायला येणार होतं आणि नमुना अण्णांनी केला होता. त्यांच्या घराण्यात एक रीत होती. कुठलंही भांडं दुकानाबाहेर काढताना ते असं घासायचं की घेणाऱ्याला आपलं तोंड त्यात दिसलं पाहिजे. पाहुणे येणार म्हटल्यावर अण्णांनी दोन दिवस खपून ती अॅल्युमिनियमची डिश बारीक राखेने आणि सुती चिंधीने आरशासारखी लख्ख केली. डिशला खडबडीत पांढरा रंग लावतात तो शोभेसाठी नसतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आणि पाहुण्यांच्या घाईत आम्हीही ती तशीच रंगाशिवाय चाचणीच्या खांबावर चढवली. फारच देखणी दिसत होती.

वर्षातून दोनदा, शिमग्याच्या आसपास आणि घट बसतात त्या सुमारास, काही दिवस सूर्य भर दिवसा उपग्रहाच्या बरोबर मागून जातो. तेवढी पाच-दहा मिनिटं टीव्हीचं चित्र जातं, कारण सूर्याच्या गोंगाटात उपग्रहाचा आवाज बुडतो. साध्या रंगवलेल्या डिशला एवढंच होतं. पण ही डिश म्हणजे आरसा होती. सिग्नल ज्या वाटेने येतो त्याच वाटेने ऊन आलं आणि सिग्नल जिथे गोळा होतो तिथेच गोळा झालं. अकरा वाजून गेले असतील. माझं मीटर एकदम शून्यावर पडलं. तार सुटली वाटून मी वर पाहिलं, तर डबीतून धूर निघत होता आणि प्लास्टिक वितळून ठिबकत होतं. पाहुण्यांपैकी एक जण खो खो हसला. निंबाळकर साहेबांचा चेहरा बघवत नव्हता.

अण्णा धावत आले. मला वाटलं, पाणी मारायला. ते खांबाशी वाकले आणि जळक्या डबीकडे टक लावून बघत राहिले. मग मला म्हणाले, "ताई, बगा तरी. किती गोल जळलंय!"

अहवाल मी लिहिला. ‘अकुशल कामगाराच्या अज्ञानामुळे नमुना निकामी झाला.’ सूर्य कुठल्या दिवशी किती वाजता आडवा येणार याचा छापील तक्ता माझ्याच टेबलावर टाचलेला होता आणि त्या सकाळी मी तो वाचला नव्हता, हे मी लिहिलं नाही. लाज वाटते म्हणून आजही ते पटकन सांगून टाकते.

दुसऱ्या दिवशी अण्णांना कामावरून कमी केलं. कागद हातात घेऊन ते माझ्या टेबलाशी आले. त्यांना वाचता येत होतं, सावकाश, बोट फिरवत.

"चूक माझी हाय," ते म्हणाले. "उजळ मीच केली. कामावरनं काढलं, काढू दे. पर ह्यो शबुद काढा."

मी ओठ नीट हलवत म्हटलं, "अण्णा, तसं ओळखपत्रावरच आहे. मी काय करू?"

"आवं, असं जाळायला कसब लागतंय!" ते गरजले. सगळं ऑफिस उभं राहिलं. "तुमच्यातल्या एकानं अशी उजळ डिश करून दावावी, मी त्याचा हातोडा धुईन. चुकलो म्हणा, गाढव म्हणा. अकुशल म्हनायचं न्हाई!"

त्यांनी जळकी डबी मागितली. ती भंगारातच जायची होती, म्हणून मी दिली. पिशवीत टाकून ते निघून गेले, आणि जाताना माझा मोबाइल नंबर लिहून घेतला. कशाला, ते सांगितलं नाही.

त्या वर्षी घट बसले आणि दोन-चार दिवसांत माझ्या मोबाइलवर एक फोटो आला. ना नमस्कार, ना मजकूर. एक लाकडी फळी, कडेला अण्णांचा चिंचेचा हातोडा, आणि फळीवर जळल्याचे चार डाग. एक डाग गोल, बाकीच्या तिघांना शेपटं फुटलेली. मला काही उमगलं नाही. शिमग्याला दुसरा फोटो आला, शेपटं थोडी आखूड. पुन्हा घटाला, पुन्हा शिमग्याला. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असावं असं मला वाटलं. पाचव्या फोटोत चारही डाग गोल होते, रुपयाच्या नाण्यासारखे.

नेमकं त्याच दिवसांत आमच्याकडे एक अवघड मागणी आली होती. आपल्या डोक्यावर दक्षिणेला बरेच उपग्रह एका ओळीत उभे आहेत. कुणावर मराठी वाहिन्या, कुणावर कन्नड, कुणावर शिक्षणाच्या. साधी डिश एकाच उपग्रहाकडे नीट बघते. गिऱ्हाइकाला एकाच डिशमध्ये चार उपग्रह हवे होते, एकाच वेळी आणि चारही सारख्याच जोराने. आमच्या तिघा इंजिनियरांनी संगणकावर आकार काढला. मधले दोन उपग्रह झकास आले, कडेचे दोन मात्र रडतखडत. कडेच्या उपग्रहांचा सिग्नल एका जागी गोळाच होईना, फाटून लांबट पसरायचा. शेपटासारखा.

मी बसमध्ये होते. घाट उतरताना एकदम ते फोटो आठवले. मोबाइल काढला आणि पाचही फोटो एकापुढे एक लावून बघितले. अण्णा दोन वर्षं मला उत्तर पाठवत होते.

दिवाळी झाल्यावर मी सांगलीला गेले, तिथून त्यांच्या गावी. अण्णांनी मला ओळखलं, हसले, आणि आत बघून ओरडले, "रत्ना, त्या शबुदवाल्या ताई आल्यात!" रत्नाकाकू त्यांच्या बायको, माहेर अथणीकडचं. मराठी सगळं समजायचं, पण बोलणं निम्मं कन्नड. तिकडचा एक लहानसा कन्नड चॅनेल, बस्तीतली, म्हणजे जैन मंदिरातली, प्रवचनं आणि गावाकडची गाणी लावणारा, तो त्यांचा जीव. तो कुठल्याच पॅकेजात येत नव्हता. एका उपग्रहावरून फुकट यायचा, आणि घरातला दुसरा टीव्ही मराठीसाठी दुसऱ्या उपग्रहावर. "घर एक, डोक्यावर डिशा दोन," अण्णा म्हणाले. "मला ते पटंना. आन् दोनासाठी ठोकायची तर चारासाठी का न्हाई?"

मग त्यांनी फळी दाखवली.

त्यांची रीत ऐकून मी थक्क झाले. अंगणात चार जुन्या भंगारातल्या डिश, एकेक एकेका उपग्रहाकडे रोखलेली. खाली एक टीव्ही, बटण फिरवलं की हवी ती डिश लागे. गच्चीवर अण्णांची स्वतःची डिश, आरशासारखी लख्ख, वाकळ पांघरून झाकलेली. तिच्यापुढे डबीच्या जागी लाकडाची फळी. सूर्याचे ते मोजके दिवस आले की रत्नाकाकू टीव्हीसमोर बसत. त्या त्या उपग्रहाचं चित्र पार गेलं, म्हणजे सूर्य नेमका त्याच्या मागे आला. पण हे वर गच्चीवर कळवायचं कसं? हाक मारून उपयोग नव्हता. म्हणून खिडकीतून एक सुतळी वर नेलेली होती आणि तिचं टोक अण्णांच्या मनगटाला. काकू ओढत. अण्णा वाकळ बाजूला करत. फळी जळे. तेवढ्यात वाकळ परत टाकायची. अकराच्या आधी-मागे पहिले दोन डाग, बाराच्या सुमारास तिसरा, एकच्या आत चौथा. जिथे डाग, तिथे डबीची जागा.

"सूर्यच हजेरी घेतोय एकेकाची," अण्णा म्हणाले. "मी फकस्त फळी धरतो."

"आणि शेपटं?" मी विचारलं.

"त्ये पत्र्याचं दुखणं." त्यांनी माझा हात धरून डिशवर फिरवला. साध्या डिशपेक्षा ती आडवी जास्त पसरट होती, वळण निराळं, पण कुठे आणि किती ते माझ्या हाताला कळेना. "एकाच पाव्हन्याकडं तोंड करून बसलं की बाकीच्यास्नी पाठ दिसती. वसरीवर कसं बसावं? सगळ्यांकडं थोडं थोडं. शेपूट दिसलं की कुठल्या अंगाला पत्रा रुसलाय ते कळतंय. तितं ठोकायचं. मग सहा म्हैनं थांबायचं."

सहा महिने थांबायचं. आमच्या संगणकाला सहा मिनिटं लागली तर आम्ही त्याला शिव्या घालत होतो.

मी विचारलं, कंपनीत आणाल का ही डिश? त्यांनी फळी भिंतीला टेकवली. "आनतो. पैशाचं नंतर बगू. आदी त्यो शबुद काढा म्हनावं."

मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "आणू दे तर खरं, बघतो." मी हे ‘बघतो’ अण्णांना ‘काढतो’ असं कळवलं नाही, एवढं एक पुण्य माझ्या खात्यावर आहे.

थंडीचे दिवस. अण्णा टेम्पोतून आले, डिश वाकळीत गुंडाळलेली. ही त्याच वळणाची दुसरी डिश, तिला त्यांनी पांढरा रंग लावला होता, त्यांच्या शब्दांत, "उजळ ती मोजायला, रंगवल्याली कामाला." गेटवर आमचा सुरक्षारक्षक, फौजेतून निवृत्त झालेला हवालदार, त्याने संगणकावर नाव घातलं. जुनी नोंद निघाली आणि पाहुण्यांचा पास छापून बाहेर आला. लाल पट्टी. अकुशल.

अण्णांनी पास वाचला, बोट फिरवत. परत त्याच्या हातात दिला.

"ह्यो कागद घिऊन मी आत येत न्हाई."

"अण्णा, खिशात घाला की. कोण बघतंय?" हवालदार काकुळतीला आला. "मशीनमध्ये जे हाय तेच निघतंय. ऑर्डर हाय."

"मशीनला सांगा, म्हातारा भाईर उभा हाय."

आणि ते खरंच उभे राहिले, गेटच्या बाहेर, रस्त्याला. मी आत-बाहेर तीन हेलपाटे घातले. साहेब म्हणाले, ते संगणकाचं काम मुख्य ऑफिसातून होतं, प्रमाणपत्राशिवाय वर्ग बदलत नाही, त्यांना म्हणावं आधी आत या. अण्णा म्हणाले, आदी शबुद. शेवटी गिऱ्हाइकाचा माणूस, जो सकाळपासून ताटकळत होता, वैतागून स्वतःच बाहेर गेला. त्याच्या मागोमाग साहेब, तिघे इंजिनियर, मीटर, तारा, सगळंच गेटबाहेर आलं. समोरच्या रसवंतीवाल्याने विजेची तार दिली. उसाचा रस काढायचं यंत्र तासभर बंद राहिलं आणि गिऱ्हाइकं ग्लास हातात धरून आमचा तमाशा बघत उभी राहिली. माणूस आत गेला नाही म्हणून कंपनी बाहेर आली, हे दृश्य मी जन्मात विसरणार नाही. मला अभिमान वाटत होता, आणि तो कुणाला दिसू नये म्हणून मी मीटरमध्ये तोंड खुपसलं होतं.

चार डब्या, चार उपग्रह. मी आकडे मोठ्याने वाचले. चारही जवळजवळ सारखे. आमच्या एका इंजिनियरने मीटर माझ्या हातातून घेऊन पुन्हा मोजलं. तेच आलं.

साहेब अण्णांजवळ गेले. ते वाईट माणूस नव्हते, हेही लिहायला हवं. "अण्णा, कमाल केलीत. ही डिश आम्हाला द्या. म्हणाल ते देऊ. कामावर परत या. वार्षिक समारंभात शाल-श्रीफळ देऊन सगळ्यांसमोर सत्कार करू."

"शाल नको. मला थंडी वाजत न्हाई," अण्णा म्हणाले. "त्यो शबुद?"

"अहो, ती सिस्टिम आहे. माझ्या हातात नाही ते."

"शाल आनायला दुकानात जावं लागतंय, सायेब. शबुद खोडायला खिशातलं पेन पुरतंय." त्यांनी साहेबांच्या खिशाकडे बोट दाखवलं. साहेबांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला.

अण्णांनी सूर्याकडे पाहिलं. दिवस कलला होता. रसवंतीच्या बाकावर बसून त्यांनी डबा सोडला, सगळ्यांसमोर सावकाश जेवले, डबा विसळला, डिश वाकळीत गुंडाळली आणि टेम्पोवाल्याला म्हणाले, "चल गड्या." कंपनीचं सगळं शहाणपण रस्त्यात उभं राहून टेम्पोचं बूड बघत राहिलं.

दुसरा अहवाल मी त्याच आठवड्यात लिहिला. ‘तीन वर्षांपूर्वीच्या माझ्या अहवालातले अकुशल कामगार हे शब्द चुकीचे आहेत. भूपाल कासार हे पत्राकामातले निष्णात कारागीर असून चार उपग्रहांच्या या डिशची रचना सर्वस्वी त्यांची आहे. अपघाताच्या दिवशी सूर्याचा तक्ता माझ्या टेबलावर होता व मी तो वाचला नव्हता. त्या प्रसंगी अकुशल कुणी असेल, तर ती मी.’

साहेबांनी तो दोनदा वाचला. म्हणाले, "बाकीचं ठीक आहे, राहू द्या. पण आमची इंजिनियर स्वतःला अकुशल म्हणते हे गिऱ्हाइकाने वाचलं तर काय होईल? तेवढा शब्द काढा, लगेच सही करून फाइलला लावतो." आणि चक्क खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं.

माझं डोकं फिरलं. अण्णांचा शब्द काढायला सिस्टिम आडवी येते आणि माझा काढायला साहेब स्वतः पेन घेऊन उभे! मी म्हटलं, नाही काढणार. मला ताकीद मिळाली. अहवाल तसाच माझ्या पिशवीत राहिला, शिमग्यापर्यंत.

सूर्याचे दिवस आले तशी मी रजा टाकली आणि कृष्णाकाठी गेले. त्यानंतर अण्णा-काकू लेकीकडे अथणीला राहायला गेले आणि माझं जाणं झालं नाही, म्हणून त्यांना शेवटचं पाहिलं ते तेव्हा. दहा वाजून गेले होते. अण्णा गच्चीवर, मनगटाला सुतळी, डिशवर वाकळ. खालच्या गल्लीत चार-पाच घरांवर त्यांनी केलेल्या पांढऱ्या पसरट डिश दिसत होत्या. पत्रा आणा, करून देतो, एवढाच त्यांचा करार.

"आता कशाला जाळताय?" मी विचारलं. "झालं की सगळं."

"सूर्य येतोय, आपुन न्हाई म्हनायचं?"

मी कागद पुढे केला. त्यांनी बोट फिरवत वाचला, पहिल्या ओळीपासून. ‘निष्णात कारागीर’पाशी बोट थांबलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. बोट पुढे सरकलं, शेवटच्या ओळीवर गेलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ह्यात बी त्यो शबुद हायच की."

"तुमच्यावर नाही अण्णा. वरचा जुना, चुकीचा म्हणून लिहिलाय. खालचा माझ्यावर आहे."

"तुमच्यावर तरी कशाला?" ते ओरडले, गल्लीतल्या दोघांनी वर पाहिलं. "मी तीन वर्सं त्यो काढायला भांडलो, दुसऱ्याच्या गळ्यात घालायला न्हाई!"

मी समजवायला लागले, की चूक माझीच होती. "चूक हाय," ते म्हणाले. "चूक ऱ्हाऊ द्या. म्या बी ठेवलीया माझी, ती जळकी डबी." आणि कागद आडवा धरून त्यांनी फळीवर नेला. जुन्या डागांवर बोट टेकवलं, कागद किंचित डावीकडे सरकवला, पुन्हा बोटाने अंतर घेतलं, केसभर खाली ओढला आणि दोन टाचण्या मारल्या. मला कळलं ते काय करतायत, आणि मी दोन पावलं मागे सरकले.

आम्ही थांबलो. खालून काकूंच्या चॅनेलवरचं गाणं ऐकू येत होतं. मग गाणं खरखरलं, तुटलं, गेलं. सुतळीला झटका बसला. अण्णांनी वाकळ दूर केली.

कागदावर एक पांढराफटक ठिपका उमटला, डोळ्यांनी बघवेना असा. मी मान वळवली. जळक्या कागदाचा वास आला. अण्णांनी वाकळ टाकली आणि टाचण्या काढून कागद माझ्या हातात ठेवला. शेवटच्या ओळीत बोटाएवढं गोल भोक होतं, कडा तपकिरी. ‘त्या प्रसंगी’ शाबूत होतं आणि ‘कुणी असेल, तर ती मी’ शाबूत होतं. मधला शब्द तेवढा गेला होता. आजूबाजूच्या एका काना-मात्रेला धक्का नव्हता.

"आता लावा फायलीला," अण्णा म्हणाले.

खालून सुतळीला दोन झटके आले आणि काकूंचा आवाज, "बंतु, बंतु!" चित्र परत आलं होतं. अण्णांना ते ऐकू गेलं नाही, पण मनगट हललं तसे ते हसले आणि पुढच्या उपग्रहासाठी नवी फळी लावायला वाकले.

सोमवारी मी कागद निंबाळकर साहेबांच्या टेबलावर ठेवला. ते भोकातून कितीतरी वेळ टेबलाकडे बघत राहिले. त्यांनी काढायला सांगितलेला शब्द निघाला होता, दुसरी हरकत उरली नव्हती. त्यांनी सही केली. अहवाल फाइलला आहे, भोकासकट.